कोर्टाचे दार आणि सावकाराचा परवाना

कागद खरा आहे. त्यावरचा अंगठा खरा आहे. पैसे मोजून दिले हेही खरे, आणि घेणारा माणूस ते नाकारीत नाही. तरीसुद्धा न्यायाधीश सावकाराला विचारतात, "ज्या दिवशी तुम्ही हे पैसे दिलेत, त्या दिवशी तुमच्यापाशी सावकारीचा परवाना होता काय?" सावकार म्हणतो, "नव्हता." आणि दावा काढून टाकला जातो. व्याज तर नाहीच, पण मुद्दलाचाही हुकूमनामा मिळत नाही.

हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. घेतलेलं फेडावं ही आपल्या समाजाची जुनी रीत. बापाचं कर्ज मुलानं फेडायचं, ते राहिलं तर बापाला सद्गती नाही, इथपर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांची श्रद्धा होती. मग सरकारचं कोर्टच कर्ज बुडवायला मदत करतं की काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलं तर लवकर सापडतं, कारण ते पुष्कळसं आपल्याच पुणे-नगरच्या माळरानावर तयार झालं आहे.

सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. तो पेशवाईतही होता, आणि नडलेल्या माणसाला त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण पैसे वसूल करायचे तर त्याला गावाशी सांभाळून घ्यावं लागे. तगादा लावावा, दारात धरणं धरावं, पंचांपुढे जावं, असे त्याचे उपाय. गाव पाठीशी नसलं तर त्याची वसुली अडकून पडे. इंग्रजी अमलात दोन गोष्टी पालटल्या. रयतवारीच्या पद्धतीनं शेतसारा एकेका खातेदाराच्या नावावर बसला आणि ती जमीन गहाण टाकता, विकता येऊ लागली. आणि दुसरी गोष्ट म्हणजे दिवाणी कोर्टं आली. आता सावकाराला गावाची गरज उरली नाही. त्यानं रोखा घेऊन तालुक्याच्या गावी जावं, दावा लावावा. शेतकऱ्याला समन्स कळे वा न कळे. कळलं तरी कामधंदा सोडून, वकिलाला पैसे देऊन तो जाणार कुठून? तो गेला नाही की एकतर्फी हुकूमनामा. मग दरखास्त, मग बेलिफ, मग जप्ती. सरकारचा हात सावकाराच्या कामाला लागला, आणि तोही कागदापलीकडे काही न पाहता.

हा कागद कसा फुगत जाई तेही पाहण्यासारखं आहे. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. साध्या, नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असं त्यानं ठरवलं. हेतू चांगला होता; जुनी, शिळी कर्जं उकरून काढली जाऊ नयेत हा. पण झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की सावकार म्हणे, "नवा रोखा करून दे." नव्या रोख्यात जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज, अशी मिळून रक्कम मुद्दल म्हणून लिहिली जाई, आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई. शंभर रुपये घेतलेल्या माणसाच्या नावावर काही वर्षांनी किती रुपये निघतील, हे तुमच्या शाळेतला चौथी-पाचवीचा मुलगा फळ्यावर करून दाखवील. ज्याला तो हिशेब करता येत नव्हता, तो अंगठा करीत होता.

त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडले, कर्जं मात्र राहिली. पुढे दोन-चार वर्षांतच जमिनीच्या फेरपाहणीनं इंदापूरसारख्या तालुक्यांत शेतसारा वाढवला. आता सावकार नवं कर्ज देईना आणि जुनं सोडीना. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं सावकारावर बहिष्कार घातला. आणि १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेले. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

या दंग्यांची एक विशेष गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. रोखे, खतं, हुकूमनामे, वह्या. ते काढून द्यावेत, त्यांची होळी करावी, एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी काम भागलं. सावकारानं मुकाट्यानं कागद दिले तिथे त्याच्या अंगाला फारसा धक्का लागला नाही. लूटमार, जाळपोळ काही ठिकाणी झाली, ती लपवण्याचं कारण नाही. पण सरकारनं नेमलेल्या चौकशी मंडळालाही दिसून आलं ते हेच, की दंग्याचा रोख कागदांवर होता. ज्या माणसाला लिहितावाचता येत नव्हतं, त्यानं नेमकं ओळखलं होतं की आपल्या मानेवरचं जोखड लाकडाचं नाही, कागदाचं आहे.

दंगे मोडून काढण्यात आले, लोकांना शिक्षा झाल्या. पण कागद जाळून प्रश्न सुटला नाही, तसाच तो पोलिसांनीही सुटणार नव्हता. १८७९ हे वर्ष उजाडलं. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड याच वर्षीचं. आणि याच वर्षी सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम झाला. त्यातल्या तीन-चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, कोर्टानं नुसता रोखा पाहून हुकूमनामा देऊ नये. रोख्याच्या मागे जावं, पहिल्यापासून किती दिले, किती फेडले याचा हिशेब उलगडावा. दुसरी, व्याजावर व्याज धरू नये, आणि आपल्या धर्मशास्त्रातला दामदुपटीचा जुना नियम पाळावा; म्हणजे एका वेळी मागायचं व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावं. तिसरी, शेतकऱ्याला कर्जासाठी दिवाणी तुरुंगात टाकू नये. चौथी, पैसे घेतले की सावकारानं पावती द्यावी, मागितली नाही तरी द्यावी.

आणि पाचवी गोष्ट आपल्या आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. ज्या भागात गावासाठी निबंधक नेमला असेल, तिथे शेतकऱ्यानं करून दिलेला पैशाचा किंवा जमिनीचा कागद त्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला आणि त्याच्या साक्षीचा असला पाहिजे. नसला तर? तर सावकाराला तुरुंगात टाका असं कायद्यानं म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, की असा कागद कोर्ट पुराव्यात घेणार नाही. सुप्याच्या बाजारात लोकांनी कागद आगीत टाकला. चार वर्षांनी कायद्यानं तो न जाळताच निकामी करण्याची युक्ती काढली.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यापूर्वी त्यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीशाचं काम केलं होतं, म्हणजे हा कायदा आपल्या थोर माणसांच्या हाताखालून गेलेला आहे. त्याचा उपयोग झाला, पण सावकारही काही भोळा नव्हता. गहाणखतावर कोर्ट खोदून चौकशी करतं, असं दिसताच तो म्हणू लागला, "गहाण नको, सरळ खरेदीखत करून दे. पैसे परत दिलेस की जमीन तुझी तुला." शब्द तोंडी, खरेदीखत मात्र स्टँपावर. पुढे १९०७ साली कायद्यात नवं कलम घालावं लागलं, की वरून खरेदी दिसणारा व्यवहार आतून गहाणाचा होता हे दाखवायला कोर्टानं तोंडी पुरावाही ऐकावा. ही खरेदीखताची गोष्ट ध्यानात ठेवा. शंभर वर्षांनी ती पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाचा हा अनुभव होता तो कागदावर पहारा ठेवण्याचा. पण एक कागद अडवला की सावकार दुसरा काढतो. तेव्हा विचार पुढे सरकला. कागदावर पहारा ठेवण्याऐवजी कागद करून घेणाऱ्या माणसाचीच नोंद का करू नये?

हा विचार आपल्याकडे येण्यापूर्वी विलायतेत रुजला होता. परवाना नसलेल्या माणसानं केलेला करार कोर्टानं मानावा की नाही, यावर तिकडच्या न्यायाधीशांनी बराच खल केला होता. दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे मुद्दा उमगतो. १८३६ साली लंडनमधला एक दलाल आपल्या कामाचे पैसे मागायला कोर्टात आला. शहराच्या नियमाप्रमाणे दलालाला मान्यता घ्यावी लागे, ती त्यानं घेतली नव्हती. कोर्ट म्हणालं, हा नियम लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे; तो मोडून केलेल्या कामाचे पैसे आम्ही मिळवून देणार नाही. १८४५ साली त्याच कोर्टापुढे तंबाखूचा एक व्यापारी आला. त्यानंही परवान्याचा नियम पाळला नव्हता. पण तिथे कोर्ट म्हणालं, हा परवाना सरकारच्या तिजोरीसाठी आहे. सरकारनं वाटल्यास दंड घ्यावा, पण तंबाखू घेणाऱ्यानं त्याचे पैसे दिले पाहिजेत.

यातलं मर्म शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावं. परवाना म्हटला की सगळे सारखे नव्हेत. कर गोळा करण्यासाठी जो असतो तो चुकवला तर दंड होतो, करार टिकतो. सामान्य माणसाच्या रक्षणासाठी जो असतो तो चुकवला तर करारावरच गदा येते. सावकारीचा परवाना या दुसऱ्या जातीचा. इंग्लंडनं १९०० साली सावकारांची नोंदणी सक्तीची केली, आणि १९०५ साली तिथल्या न्यायाधीशानं ठरवलं की नोंदणी नसलेल्या सावकाराचा करार मुळातच रद्द. १९२७ साली तिथे वर्षावर्षाचा परवानाही आला.

आपल्या देशात हे लोण १९३० नंतर पसरलं. मंदीचे दिवस होते. धान्याचे भाव कोसळले, कर्जाचे आकडे तसेच राहिले. प्रांतोप्रांती कायदे होऊ लागले. बंगालनं १९३३ आणि १९४० साली केले. पंजाबनं १९३८ साली सावकारांची नोंदणी आणि परवाना सक्तीचा केला. मुंबई प्रांताचा कायदा नावानं १९४६ चा असला तरी तो १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षात आला. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावरही ५० वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे तोच चालला.

त्या कायद्याची बांधणी सोपी होती. सावकारी करायची तर सहकार खात्याकडे अर्ज करून परवाना घ्या. परवाना विशिष्ट भागापुरता. एका तालुक्याचा परवाना दाखवून दुसरीकडे धंदा करता येणार नाही. रोजकीर्द आणि खतावणी ठरलेल्या नमुन्यात ठेवा. कर्जदाराला हिशेब द्या, पावती द्या. सरकार ठरवील त्याहून अधिक व्याज घेऊ नका. आणि दहाव्या कलमात ती किल्ली: कर्ज दिलं त्या वेळी सावकाराकडे चालू परवाना होता अशी कोर्टाची खात्री झाल्याखेरीज त्याच्या बाजूनं हुकूमनामा द्यायचा नाही.

"कर्ज दिलं त्या वेळी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. पैसे आधी द्यायचे, भांडण झालं की धावत जाऊन परवाना काढायचा आणि मग दावा लावायचा, ही पळवाट त्यांनी बंद केली. १९७५ साली महाराष्ट्रानं या कलमाची धार आणखी वाढवली. कोर्टात आधीपासून पडून असलेल्या दाव्यांनाही ते लागू केलं, आणि परवाना नव्हता असं दिसलं की कोर्टानं दावा काढूनच टाकावा, असं स्पष्ट लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे शेजाऱ्यानं मुलीच्या लग्नाला हातउसने पाच हजार दिले, तर तेही बुडाले?" नाही. हा गैरसमज गावोगाव आहे, तो काढला पाहिजे. कायदा सावकारीच्या धंद्याला आहे. धंदा म्हणजे पुन्हा पुन्हा, व्याजाच्या कमाईसाठी, रीतसर चालवलेलं काम. अडचणीत एकदा कोणी मदत केली, तर तो सावकार होत नाही, आणि त्याचे पैसे कोर्टातून मिळू शकतात. कोर्टं याबाबत बारकाईनं पाहतात: किती जणांना दिले, किती वेळा दिले, व्याज कसं घेतलं. तसंच बँका आणि सहकारी संस्था यांची कर्जंही या कायद्याबाहेर आहेत. तेव्हा सोसायटीचं कर्ज थकवून "परवाना दाखवा" म्हणणाऱ्याला काही उत्तर मिळणार नाही, उलट नोटीस मिळेल.

पण ज्याचे पैसे खरोखरच गेले त्या बिनपरवाना सावकाराचं काय? त्याच्यावर हा अन्याय नाही का? याचं उत्तर मी असं देईन. कर्ज घेतलंच नाही, असं कायदा म्हणत नाही. कोणी आपल्या मनाच्या सचोटीनं मुद्दल परत केलं तर कायदा त्याचा हात धरत नाही. कायदा एवढंच म्हणतो: समन्स, हुकूमनामा, बेलिफ, जप्ती ही सगळी समाजाची यंत्रणा आहे. ती ज्याला वापरायची असेल त्यानं आधी आपल्या वह्या समाजाच्या नजरेखाली आणाव्यात. अंधारात धंदा करायचा आणि वसुलीच्या वेळी मात्र सरकारी शिपाई पाठीशी घ्यायचा, हे चालणार नाही. १८७५ पूर्वी हेच तर चाललं होतं.

मात्र इथे एक कटू गोष्ट मान्य केली पाहिजे. कोर्टाचं दार बंद करणं सोपं, शेतकऱ्याला दुसरं दार उघडून देणं अवघड. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली बाहेर आला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला, आणि सरकारचा ३.३ टक्के. धंदेवाईक आणि शेती करणारे असे दोन्ही तऱ्हेचे सावकार मिळून जवळजवळ ७० टक्के भरले. म्हणजे परवान्याचा कायदा होऊन काही वर्षं लोटली, तरी पेरणीच्या वेळी शेतकरी सावकाराच्याच ओट्यावर बसत होता. आणि ज्याला उद्या पुन्हा त्याच ओट्यावर जायचं आहे, तो आज कोर्टात उभा राहून "याच्याकडे परवाना नव्हता" असं म्हणेल का? दहाव्या कलमाची ताकद शेवटी या प्रश्नावर अडत होती.

शिवाय सावकारालाही ते कलम चांगलं पाठ होतं. कोर्ट आपल्याला उभं करणार नाही, तर मग कोर्टात जायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. पैसे देतानाच जमिनीचं खरेदीखत करून घ्यायचं. मघाशी मी ज्याची आठवण ठेवायला सांगितली तोच हा प्रकार. खरेदीखत हातात असलं की दावा कशाला लावायचा? सातबारावर नाव चढलं की झालं. इथे हुकूमनामा न देण्याचं कलम लुळं पडतं, कारण सावकार काही मागायला कोर्टात येतच नाही. अंगणातून कोर्टात धाव घ्यावी लागते ती शेतकऱ्याला.

ही फट बुजवण्यासाठी महाराष्ट्रानं २०१४ साली जुना कायदा मोडीत काढून सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा केला. परवाना नसताना दिलेल्या कर्जावर हुकूमनामा नाही, हे जुनं तत्त्व त्यात कायम आहे. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जिल्हा निबंधकाला दिलेला अधिकार. ठरावीक मुदतीच्या आत खरेदीखतानं, गहाणखतानं किंवा आणखी कुठल्या मार्गानं सावकाराकडे गेलेली जमीन ही खरं म्हणजे कर्जाचं तारण होती, असा अर्ज कर्जदारानं केला तर तो चौकशी करतो, दोन्ही बाजू ऐकतो, आणि तसं सिद्ध झालं तर तो कागद रद्द ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतो. खऱ्याखुऱ्या खरेदीला यानं बाध येत नाही.

इतिहासाच्या नजरेनं पाहिलं तर एक वाट दिसते. १८७५ साली लोकांनी कागद जाळला. १८७९ साली कायद्यानं कागदाची नोंद मागितली. १९४६ च्या कायद्यानं माणसाची नोंद मागितली. आणि २०१४ साली कायदा कागद आणि माणूस यांच्याही पलीकडे, प्रत्यक्ष जमिनीपाशी येऊन उभा राहिला.

नोंदणीचं हे तत्त्व सावकारापुरतंच आहे असं मात्र समजू नका. ते तुमच्या-आमच्यावरही उलटू शकतं, म्हणून एक शेवटचं उदाहरण देतो. गावातल्या दोघा मित्रांनी भागीदारीत बी-बियाण्याचं दुकान काढलं, असं समजा. विश्वास पक्का, म्हणून भागीदारीची नोंदणी केली नाही. नोंदणी केलीच पाहिजे अशी सक्ती १९३२ च्या भागीदारीच्या कायद्यात नाही. दुकान चाललं. एका मोठ्या गिऱ्हाइकानं उधारी थकवली. दोघे कोर्टात गेले तेव्हा कळलं, की त्या कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. उलट त्या गिऱ्हाइकाला पेढीवर दावा लावायला काही आडकाठी नाही.

सावकारी आणि भागीदारी यांत एक फरक आहे. सावकाराकडे परवाना हवा तो पैसे देण्याच्या दिवशी. पेढीची नोंदणी हवी ती दावा लावण्याच्या दिवशी. म्हणजे चुकलेल्या भागीदारांना नोंदणी करून, मुदत शिल्लक असेल तर, नव्यानं दावा लावता येतो. बिनपरवाना सावकाराला ती सवलत नाही. धंद्यानं दुसऱ्याला जेवढा धोका, तेवढी शिक्षा कडक, असा यातला हिशेब आहे.

आणि हा हिशेब चुकला तर न्यायालय कायद्यालाही थांबवतं. महाराष्ट्रानं १९८४ साली भागीदारीच्या कायद्यात दुरुस्ती करून नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदारांना आपसातली पेढी मोडून हिशेब मागायचीही बंदी केली. २००९ साली सुप्रीम कोर्टानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. नोंदणी केली नाही एवढ्यासाठी माणसाचा स्वतःचाच पैसा अडकवून ठेवणं वाजवी नाही, असा त्याचा सारांश. दार लावायला हरकत नाही, पण आत कोणाचा जीव गुदमरत नाही ना, हे पाहूनच लावावं.

आता या सगळ्याचा गावात उपयोग काय? कर्ज घेण्याची पाळी आलीच, तर तीन गोष्टी विचारा. तुमचा परवाना चालू आहे काय, आणि तो आमच्या भागाचा आहे काय? दिलेल्या पैशाची पावती देणार काय? आणि सही कशावर घेता आहात, कर्जाच्या कागदावर की खरेदीखतावर? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. परवाना कोणाकडे आहे याची माहिती तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या, म्हणजे सहकार खात्याच्या कचेरीत मिळते. ती विचारायला वकील लागत नाही. जमीन आधीच गेली असेल तर अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा, आणि तो लवकर करायचा, कारण मुदत कोणासाठी थांबत नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कर्ज, कोर्ट आणि अज्ञान यांची सांगड त्यांनी उघड करून दाखवली होती. आज अंगठा करणारे कमी झाले, सही करणारे वाढले. पण न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक नाही. तेव्हा सातवी-आठवीच्या मुलांना एकदा वर्गात एक कर्जाचा कागद, एक गहाणखत आणि एक खरेदीखत यांचे नमुने शेजारी-शेजारी ठेवून वाचायला लावा. कोणत्या कागदानं काय हातचं जातं, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. त्यातलं एखादं मूल घरी जाऊन वडलांच्या हातातला कागद मागून घेईल, आणि सही होण्याआधी तो मोठ्यानं वाचून दाखवील.